लोकल बातम्यांचं अॅप, आठ महिने वापरल्यानंतर: तीन स्टार, आणि त्यातला अर्धा माझ्यामुळे कापला गेलाय

अॅपचं नाव मुद्दाम घेत नाहीये, कारण नाव घेतलं की लोक रिव्ह्यू वाचतच नाहीत, हा माणूस कुणाच्या बाजूचा तेवढंच शोधत बसतात. डाउनलोड केलं ते रस्ता रुंदीकरणाच्या वादामुळे. माझा रुंदीकरणाला विरोध आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तेवढं वजा करता येईल.

पहिल्याच महिन्यात ठिणगी पडली. रुंदीकरणावर एक सभा झाली, मी स्वतः तिथे होतो. दोन तास चालली, बहुतेक वेळ नकाशे आणि कंटाळवाणे प्रश्न, शेवटची पाच मिनिटं आरडाओरडा. संध्याकाळी नोटिफिकेशन आलं, 'रुंदीकरणाच्या सभेत गोंधळ', आणि फोटो कुणाचा तर हात वर करून ओरडणाऱ्या एका माणसाचा, तोही इतका जवळून कापलेला की मागे शांत बसलेले सगळे लोक गायब. आमच्यातले लोक भडकले, आम्हाला गुंड दाखवलं, पाकीट पोचलेलं दिसतंय वगैरे. गंमत पुढे आहे. रुंदीकरण हवं असलेल्या एका मित्राने मला त्याच बातमीचा स्क्रीनशॉट पाठवला, खाली लिहिलेलं, 'बघ, सगळी प्रसिद्धी तुम्हालाच, आमचं एक वाक्य नाही.' तीच बातमी! मी परत वाचली तर त्यांची दोन वाक्यं होती, आमची तीन.

तेव्हा जरा शोधाशोध केली आणि कळलं की हे जुनंच दुखणं आहे. १९८५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता, त्यात १९८२ च्या बैरुतमधल्या हत्याकांडाच्या टीव्ही बातम्या इस्रायल समर्थक आणि अरब समर्थक अशा दोन्ही विद्यार्थ्यांना दाखवल्या, आणि दोघंही म्हणाले की बातम्या आमच्या विरोधात आहेत. वर ज्यांना विषयाची जास्त माहिती होती त्यांना पक्षपात जास्त दिसला. हे वाचून मला थोडं लागलंच, कारण रुंदीकरणाच्या फायली मीच सगळ्यात जास्त वाचल्या होत्या.

माझी सगळ्यात मोठी फजिती तिसऱ्या महिन्यात. 'प्रशासनाची बाजू छापता, रहिवाशांची का नाही' असा खरमरीत ईमेल ठोकून दिला. उत्तर आलं एका ओळीचं, तिसरा परिच्छेद पाहावा. तिथे आमच्या प्रतिनिधीचं म्हणणं अख्खं होतं. मी नोटिफिकेशन आणि पहिल्या चार ओळी वाचून तापलो होतो. (अॅपला हे चांगलं माहीत असणार, नोटिफिकेशन लिहितातच तसं की माणूस आत जायच्या आधी तापला पाहिजे. हा अर्धा दोष त्यांचा, मी सोडणार नाही.)

मग एक वही केली. रोज एकच लोकल बातमी घ्यायची, दोन ठिकाणची, आणि क्रियापदं बघायची. हा सगळ्यात कामाचा उद्योग निघाला. अधिकारी 'म्हणाले', 'स्पष्ट केलं', 'माहिती दिली', आणि रहिवाशांनी 'आरोप केला' किंवा 'दावा केला'. एकही शब्द खोटा नाही, पण वाचणाऱ्याच्या मनात कोण खरं बोलतंय ते ठरून जातं. दुसरं म्हणजे प्रेसनोट. एकदा दोन्हीकडे पहिले दोन परिच्छेद शब्दशः सारखे, अगदी एका ठिकाणची शुद्धलेखनाची चूकसुद्धा तीच, म्हणजे मूळ प्रेसनोटमधली. मला वाटतं लोक ज्याला विकलेपणा म्हणतात त्यातला बराचसा भाग हाच आहे, हातात माणसं कमी, बातमी लावायची घाई, आणि आयता मजकूर जो पाठवेल त्याची भाषा छापून येते. पाठवायला माणूस कुणाकडे असतो? ऑफिसकडे असतो, गल्लीकडे नसतो.

जे आलंच नाही ते मात्र वहीत कसं लिहिणार, इथे माझी पद्धत फसली. डेव्हिड मॅनिंग व्हाइट नावाच्या अभ्यासकाने १९५० मध्ये एका छोट्या शहरातल्या पेपरच्या संपादकाचा अभ्यास छापला होता. त्या संपादकाने आठवडाभर तारेने आलेल्या प्रत्येक नाकारलेल्या बातमीवर कारण लिहून ठेवलं, जवळपास नऊ दशांश मजकूर नाकारलेला होता. जागा नाही, उशिरा आली, अशीही कारणं, आणि काही सरळसरळ स्वतःच्या आवडीनिवडीची. अशी कागदं आज कुणी दाखवत नाही. झाडं तोडायची परवानगी मिळाली ती बातमी या अॅपवर कधी आलीच नाही, ती दाबली की राहून गेली मला आजही सांगता येणार नाही.

सहाव्या महिन्यात परत ईमेल केला, पण या वेळी विशेषणं काढून: तुमच्या बातमीत जाणाऱ्या दुकानांचा आकडा चुकलाय, जाहीर झालेल्या यादीचं हे पान जोडलंय. दोन दिवसांत आकडा बदलला. 'विकले गेलात' म्हणून लिहिलेल्या बाकीच्या चार ईमेलना आजवर उत्तर नाही. पण दुरुस्तीही कशी, बातमीच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ, नोटिफिकेशन नाही, काही नाही. चुकीचा आकडा ढोल वाजवून घरोघरी गेला आणि बरोबर आकडा मागच्या दाराने आला. एक स्टार फक्त याच्यासाठी कापलाय.

सध्या नोटिफिकेशन बंद आहेत, अॅप ठेवलंय, संध्याकाळी एकदा उघडतो आणि बातमी शेवटच्या परिच्छेदापासून वर वाचत जातो. तो मित्र अजून स्क्रीनशॉट पाठवतो. मी आता त्याला उलट विचारतो की तिसरा परिच्छेद वाचलास का, त्यावर तो चिडतो.