अलंगचं जर्मन ‘०९०’ आणि आतला ५८ मिलिमीटरचा पिस्टन

जुन्या, दमदार चेनसॉच्या (इंजिनावर चालणाऱ्या साखळी-करवतीच्या) शोधात असणाऱ्यांना स्टिल या जर्मन कंपनीची ०७० आणि ०९० ही दोन मॉडेलं माहीत असतातच. वरचं कव्हर घातलं की दोघं जुळे भाऊ. सांगाडा जवळपास तोच, स्ट्रोकही (पिस्टनची वरखाली धाव) दोघांचा ४० मिमी. फरक सिलेंडरच्या आत. ०७० चा बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) ५८ मिमी, म्हणजे १०६ सीसी. ०९० चा ६६ मिमी, म्हणजे १३७ सीसी. हे आठ मिलिमीटर बाहेरून दिसत नाहीत आणि ठकवणारा बरोबर तिथेच हात मारतो. यात कंपनीचा काही दोष नाही. बडोद्याजवळ आमचे अठ्ठेचाळीस हजार असे गेले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पादरा गावाकडे मामांच्या शेतात जुना शिरीष पावसाळ्यात उन्मळून पडला. खोड इतकं जाड की लातीवर (लाकडाच्या वखारीत) न्यायचं तर क्रेन आणि ट्रेलर लागणार. लातीवाला म्हणाला, तुकडे करून आणा. तुकडे केले की मोठ्या टेबलाला लागणाऱ्या सलग, रुंद फळ्या संपल्याच, आणि माझं फर्निचरचं सगळं काम त्यावरच. मग जागेवरच चिरायचं ठरलं: चेनसॉला अलास्कन मिलची चौकट लावून, लांबीच्या दिशेने.

त्यासाठी जुनंच मशीन का, असं बरेच जण विचारतात. हल्लीची व्यावसायिक चेनसॉ १३ हजारांच्या आसपास आरपीएमला पळते, झाड तोडायला झकास. ०९० ची जात वेगळी. ती सात-आठ हजारांतच राहते, पण ३६ इंची बार (चेन ज्यावरून फिरते तो लांब पाता) पुरता लाकडात बुडाला तरी तिची चेन अडत नाही. आडवा काप लवकर संपतो आणि इंजिनाला उसंत मिळते. उभं चिरताना मात्र ओंडक्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग फुल थ्रॉटल. इंजिनात जे काही कच्चं असेल ते तिथे उघडं पडतं. आम्हाला मशीन विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं, असं आता माझं ठाम मत आहे.

हालोल रस्त्याच्या बाजूला त्याचं गोडाउन. गोष्टही तयार. “लाकूड वाहणारं जहाज अलंगला तुटायला आलं होतं, त्यातलं मशीन आहे साहेब. जर्मन माल, फारसा वापरलेलाच नाही.” गुजरातेत राहणाऱ्याला अशा वाक्यात खोटं काही वाटत नाही. अलंगला १९८३ पासून जहाजं तुटताहेत आणि तिथल्या रस्त्यालगतच्या ‘खाड्यां’तून, म्हणजे जहाजांतला जुना माल विकणाऱ्या दुकानांतून, आलेलं कपाट, जनरेटर नाहीतर काचेची भांडी आमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांत आहेत. मामा तर खूशच झाले. “अरे, जहाजावरची वस्तू म्हणजे काय विचारतोस!” खरेदीचा कागद मागितला तर उत्तर आलं, अलंगच्या मालाला कागद कसला?

आम्ही पोचलो तेव्हा सायलेन्सर आधीच तापलेला होता. “तुम्ही येणार म्हणून चालू करून ठेवलं.” दोरीच्या एका ओढीत मशीन सुरू. बाभळीचा मांडीएवढा ओंडका समोर तयारच होता, तो त्याने आडवा कापून दाखवला. भुसा उडाला, निळसर धूर निघाला. धुराचं विचारलं तर म्हणाला, जुनं इंजिन आहे, ऑइल जरा जास्त मागतं. बाजूला ०९० ही नावाची पट्टी चकाचक. उभं चिरून दाखवा म्हटलं, तर “चौकट इथे नाही ना भाऊ.”

शेतावर आम्ही सगळं रीतसर केलं. नवी रिपिंग चेन (उभं चिरण्यासाठीची), दातांचा कोन १० अंशांचा. खोडावर ॲल्युमिनियमची शिडी बांधून पहिला सपाट काप. पेट्रोलमध्ये ऑइल १:२५. अर्धं खोडही पार झालं नव्हतं, तेवढ्यात इंजिनाचा आवाज अचानक चढला, बारीक झाला आणि बंद. दोरी ओढली तर हलेना.

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या ओळखीच्या मिस्त्रीने आधी सायलेन्सर उतरवला. एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्च मारला आणि मला बोलावलं. पिस्टनच्या त्या बाजूला वरून खाली ताज्या, खोल चरा होत्या. त्यांच्या आजूबाजूला मात्र तिरके, बारीक ओरखडे, पॉलिश पेपर घासल्यासारखे. “याला आधी पण एकदा मारलंय,” तो म्हणाला. म्हणजे पूर्वी जाम झालेला पिस्टन घासून परत बसवला होता. क्रँकचं ऑइल सील कडक होऊन चिरलेलं. तिथून हवा आत जायची, मिश्रण पातळ पडायचं आणि लोड आला की इंजिन भाजायचं. मग त्याने पिस्टन काढून व्हर्निअर लावला. काटा ५७.९ वर थांबला. ०९० असती तर ६६ च्या जवळ हवा. सिलेंडरवर कंपनीचं नावच नव्हतं, तो बाजारातल्या कॉपीचा. ०९० ही नावाची पट्टी नव्या स्क्रूंनी बसवलेली आणि तिच्याखाली वेगळ्याच रंगाचा थर.

निळ्या धुराचा खुलासाही त्यानेच केला. प्लगच्या भोकातून थोडं ऑइल ओतलं की झिजलेल्या रिंगांभोवती ते बसतं आणि कॉम्प्रेशन थोडा वेळ चांगलं लागतं. ग्राहक आल्यावर तेवढा वेळ पुरतो.

तेव्हा असं मशीन पाहायला जाणार असाल तर हात लावून इंजिन गार आहे ना, ते आधी बघा. गरम असेल तर चहा प्या, थांबा, नाहीतर परत या. डीकॉम्प्रेशन वाल्व (सुरू करताना सिलेंडरमधला दाब सोडणारा) बंद ठेवून, स्विच ऑफ करून, दोरीच्या मुठीवर मशीनचं वजन सोडा. चांगलं इंजिन अडखळत, हळूहळू खाली येतं. झिजलेलं सरळ घसरतं. ऑइल ओतलेलं असेल तर हीसुद्धा परीक्षा फसते, म्हणून प्लग काढून बघा. सायलेन्सर उतरवून पिस्टनवर उजेड पाडायला फार वेळ लागत नाही. विकणारा तेवढंही करू देत नसेल तर निघा. १३७ सीसीचे पैसे मागत असेल तर सिलेंडर उतरवून मोजू दे म्हणावं. आणि स्वतःची चौकट गाडीत टाकून न्या. एक जाता जाता: या जुन्या मशीनांना बहुधा चेन ब्रेक (झटका बसताच चेन थांबवणारा) नसतो, तेव्हा चालवायला अनुभवी हातच हवा.

बिल म्हणून आम्हाला मिळाली ती कच्ची चिठ्ठी: “जुने गार्डन मशीन, जसे आहे तसे.” ०९० चा उल्लेख नाही, जीएसटी नंबर नाही. व्हॉट्सॲपवर मात्र त्याने “ओरिजिनल ०९०, १३७ सीसी” असं स्वतः लिहिलंय आणि अर्धे पैसे यूपीआयने गेलेत, त्यामुळे पुरावा आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहक नाही, असं त्याच्या वकिलाने कळवलंय. पण २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला सूट आहे, त्याच आधारावर जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली अर्ज दिलाय, त्याची पोच माझ्याकडे आहे.

गोडाउनची जाहिरात अजून चालू आहे. आता दुसरं एक ‘जहाजावरचं ०९०’ आलंय, बावन्न हजारांना. फोटो भरपूर टाकलेत, पण सायलेन्सर उतरवलेला त्यात एकही नाही.