टेक्सचरच्या भिंतीतली पंधरा भोकं आणि किलोभर क्रॅक फिलर

चिंचवडचा भाड्याचा फ्लॅट सोडायची वेळ आली तेव्हा हॉलच्या एकाच भिंतीवर पंधरा भोकं होती. चार टीव्हीच्या ब्रॅकेटची, दोन फळीची, उरलेली नऊ खिळ्यांची. सहा वर्षांत एकेक करून आम्हीच पाडलेली. साधी गुळगुळीत भिंत असती तर पुट्टी ओढायची, पॉलिश पेपर मारायचा, रंगाचे दोन हात द्यायचे, झालं. पण ही रस्टिक टेक्सचरची भिंत. किड्याने लाकूड पोखरावं तशा बारीक उभ्या चऱ्या, आणि रंग विटकरीकडे झुकणारा. घरमालकीण काकूंच्या यजमानांनी कारागिरापाशी उभं राहून ती करून घेतली होती, आणि ते आता नाहीत. काकूंनी डिपॉझिटचा विषयसुद्धा काढला नाही. फोनवर एवढंच म्हणाल्या, "भिंतीचं तेवढं बघशील ना गं?"

पेंटरला बोलावलं. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला आणि सरळ सांगितलं, "ताई, टेक्सचरला ठिगळ लपत नाही. आख्खी भिंत खरवडून नवीन करावी लागेल." अकरा बाय नऊची भिंत, साडेसहा हजार रुपये. पैसे दिलेही असते, पण मग काकूंची ती भिंत राहिलीच नसती. म्हणून ठरवलं, आधी आपण करून बघू.

मी वापरला तो ॲक्रिलिक क्रॅक फिलर, म्हणजे डब्यात तयार भिजवलेली पांढरी पेस्ट. पाणी घालायचं नाही, कालवायचं नाही. एक किलोचा डबा १८० रुपयांना मिळाला. कंपनीचं नाव देत नाही, कारण मध्ये डबा संपल्यावर दुसऱ्या कंपनीचा पावशेर आणला आणि मला दोघांत काही फरक जाणवला नाही. दुकानदाराने आधी पांढऱ्या सिमेंटची पुट्टी हातात दिली होती, ती निम्म्याहून स्वस्त. पण पुट्टी पातळ थरासाठी असते, दीड-दोन मिलिमीटरच्या वर एका वेळी दिली की तडकते. बोट जाईल अशा भोकात तिचं काम नाही. पीओपीही घेऊ नका असं मी म्हणेन. ते वीसेक मिनिटांत घट्ट होतं, त्यामुळे नवख्या माणसाचा अर्धा माल घमेल्यातच दगड होतो. शिवाय ते मुळात जिप्समचं, ओल लागली की भुसभुशीत होतं.

पहिल्या दिवशी मी घाई केली. गिट्ट्या, म्हणजे स्क्रू धरायला भोकात ठोकलेल्या प्लास्टिकच्या नळ्या, तशाच आत ठेवून टीव्हीची चारही भोकं एका दमात गच्च भरली आणि वरून पत्र्याने सपाट केली. सकाळी प्रत्येक भोकाच्या जागी बेंबीसारखा खळगा. ही पेस्ट पाणी उडून वाळते, आणि पाणी गेलं की तेवढी जागा रिकामी होणारच. डब्यावर थर-थर भरा असं लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. सगळं उकरून पुन्हा सुरुवात केली.

दुसऱ्या वेळी आधी गिट्ट्या काढल्या. गिट्टीत स्क्रू अर्धा पिळायचा आणि स्क्रूचं डोकं पक्कडीत धरून सरळ ओढायचं, प्लास्टिक सगळं बाहेर येतं. वाकडं ओढलं तर कडेचा गिलावा निघतो. एका ठिकाणी तसा रुपयाएवढा पोपडा निघाला, पण त्याचा पुढे उपयोग झाला. भोकातली धूळ मुलाच्या सायकलच्या पंपाने उडवली. मग स्प्रेच्या बाटलीने आत हलकं पाणी मारलं. कोरडा गिलावा पेस्टमधलं पाणी शोषून घेतो आणि पेस्ट कडेने सुटते, म्हणून ही पायरी टाळू नका. पहिला थर निम्म्या खोलीपर्यंत, रात्रभर वाळवला. दुसरा त्यावर. आणि इथे थांबायचं, भिंतीच्या पृष्ठभागापासून साधारण दोन मिलिमीटर आत. टेक्सचरच्या भिंतीत भोक काठोकाठ भरलं की चऱ्या उमटवायला जाडीच उरत नाही. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, दोन भोकं बिघडवून कळली.

दुसरी अशीच गोष्ट पॉलिश पेपरची. सपाट भिंतीची सवय हातात असते, ठिगळ वाळलं की आपण घासायला जातो. इथे एकदा जरी घासलं तर आजूबाजूच्या चऱ्यांची टोकं झिजतात आणि भिंतीला टक्कल पडतं. भोकाच्या बाहेर सांडलेली पेस्ट ओली असतानाच ओल्या स्पंजने पुसा, घासू नका.

आता पोत. रस्टिक टेक्सचरच्या मालात जाडसर खडे असतात. माल भिंतीला लावून वरून प्लास्टिकची थापी ओढली की ते खडे मालात घरंगळत जातात आणि मागे चरा सोडतात. म्हणजे चरा कोरलेली नसते, खड्याने पाडलेली असते. हे एकदा समजल्यावर मी टाचणीने आणि काट्या-चमच्याने रेषा ओढायचा नाद सोडला. मूळ माल घ्यायला दुकानात गेले तर पंचवीस किलोची बादली, सुटा देत नाहीत. मला लागणार होता जेमतेम पाव किलो.

शेजारच्या बांधकामावर वॉचमनना विचारून वाटीभर वाळू आणली. हल्ली नदीची वाळू कुठली, क्रश सँडच. ती धुतली, गच्चीत वाळवली, चहाच्या जुन्या गाळणीतून चाळली. गाळणीच्या वर जे राहिलं त्यातले मोठे खडे निवडून टाकले, उरले ते साबुदाण्याहून बारीक, बहुतेक एकसारखे दाणे. तीन चमचे पेस्टला एक चमचा वाळू. बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पाच वेळा करून बघितलं. वाळू जास्त झाली की माल फाटतो, कमी झाली की चरा उमटतच नाहीत. लावल्या लावल्या ओढलं तर सगळं थापीबरोबर येतं. दहा-बारा मिनिटं थांबून, बोटाला किंचित चिकटेल इतपत झाल्यावर ओढायचं. थापी म्हणून तुपाच्या डब्याचं झाकण अर्धं कापून घेतलं होतं. वरून खाली, एकाच दिशेने, दोन किंवा तीनदाच. चौथ्यांदा हात फिरवायचा मोह होतो आणि तिथेच बिघडतं.

खिळ्यांच्या नऊ भोकांना एवढं काहीच लागलं नाही. पेस्ट बोटाने दाबली, ओल्या ब्रशच्या टोकाने चरा पुढे नेली, संपलं.

तपासायची रीतही सांगते. समोरून बघून काही कळत नाही. रात्री दिवे घालवून मोबाइलचा टॉर्च भिंतीला अगदी लावून धरा, प्रकाश भिंतीवरून घसरत गेला पाहिजे. प्रत्येक उंचवट्याची सावली पडते आणि ठिगळ लगेच सापडतं. आमच्या हॉलमध्ये संध्याकाळचं ऊन बाल्कनीतून तसंच तिरकं येतं, म्हणून मला जास्त काळजी होती.

रंगासाठी तो रुपयाएवढा पोपडा कामी आला. शेडकार्डवरून रंग निवडलात तर तो भिंत नवी असतानाचा रंग मिळेल, इतक्या वर्षांच्या उन्हाने विटलेला नाही. दुकानातल्या मशिनवर पोपडा दाखवून सर्वांत छोटा डबा बनवून घेतला. आधी ठिगळांवर प्रायमरचा एक हात दिला, नाहीतर पेस्ट रंग ओढते आणि तेवढाच भाग गडद, निस्तेज दिसतो. रंग जाड ब्रशने टोचत टोचत लावला, आणि ठिगळाच्या कडेला न थांबता आजूबाजूला वीतभर विरळ करत नेला.

घरातली बाकीची भोकंही त्याच आठवड्यात बुजवली, पण तिथे ही पेस्ट नाही चालत. बाथरूमच्या टाइलमधली तीन भोकं एमसीलने भरली. त्याचे दोन रंगांचे गोळे सारखे घेऊन, मध्ये एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत मळायचे, हातमोजे घालून. बोट पाण्यात बुडवून वरून फिरवलं की छान गुळगुळीत होतं. वाळल्यावर पांढऱ्या ऑइलपेंटचा ठिपका दिला. बेडरूमच्या लाकडी दारातल्या हुकाच्या भोकांत फेव्हिकॉल आणि सुताराकडून आणलेला भुसा कालवून भरला. दार ऑइलपेंटचं आहे म्हणून ते खपून गेलं. पॉलिशचं दार असेल तर हे करू नका, फेव्हिकॉलवर पॉलिश चढत नाही आणि डाग कायमचा दिसतो.

एसीच्या पाइपचं अडीच इंचाचं भोक मात्र मी हाताळलं नाही. ते बाहेरच्या भिंतीतून आरपार गेलेलं. एसी काढायला आलेल्या माणसाने त्यात पीओपी थापून ठेवलं होतं, आणि पहिल्याच पावसात आतून ओलीचं गोल कडं उमटलं. सोसायटीत काम करणाऱ्या गवंडीदादांनी ते फोडून विटेचे तुकडे आणि एकास चार सिमेंट-वाळूचा माल भरला, बाहेरच्या बाजूने किंचित उतार दिला, आणि मला तीन दिवस पाणी मारायला लावलं. ओल पुन्हा दिसली नाही.

फिलरला मी पाचपैकी चार गुण देईन. हाताळायला सोपा, वास नाही, ओला असेपर्यंत चूक पुसता येते, आणि वाळू मिसळूनही धरून राहतो. एक गुण कमी केला तो आकसण्यासाठी. टीव्हीच्या भोकांना प्रत्येकी तीन दिवस गेले. उद्या घर सोडायचंय आणि आज डबा आणलाय, अशा माणसाच्या हे कामाचं नाही. माझा एकूण खर्च, रंग-प्रायमर धरून, आठशेच्या आतबाहेर झाला. गवंडीदादांची मजुरी वेगळी.

किल्ल्या द्यायच्या दिवशी काकू संध्याकाळी आल्या. ऊन नेमकं भिंतीवर होतं. त्या काही न बोलता भिंतीपाशी गेल्या आणि तळवा टेकवून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. फळीच्या दुसऱ्या भोकापाशी हात थांबला. "इथे होतं ना?" मी हो म्हटलं. तिथली चरा मला शेवटपर्यंत नीट साधली नव्हती, वळण थोडं उजवीकडे गेलंय. बाकीची चौदा त्यांनी विचारली नाहीत, मीही दाखवली नाहीत.

पाव डबा पेस्ट उरली होती. वर प्लास्टिकचा कागद दाबून बसवला, म्हणजे हवा लागत नाही, आणि झाकण घट्ट लावून काकूंच्या हवाली केली. चाळलेली वाळूही एका पुडीत बांधून दिली, रंगाचा डबा दिला, आणि तुपाच्या डब्याचं ते अर्धं झाकण पण.