गंज-कन्व्हर्टर आणि टच-अपची बाटली : एक पावसाळा काढल्यानंतर

बडोद्यातला पावसाळा आणि मागून आलेली थंडी पार पडल्यावर या दोन बाटल्यांबद्दल (एक गंजाचं स्थिर थरात रूपांतर करणारी, दुसरी टवक्यात भरायच्या रंगाची) आता खात्रीने लिहिता येईल. गाडी सेकंडहँड, रंग चंदेरी मेटॅलिक. हालोल रोडच्या डंपरांमागे राहून बोनेटच्या पुढच्या कडेला खडीचे टवके उडालेले, मागच्या चाकाच्या कमानीवर गंजाचा चट्टा, आणि डाव्या दाराच्या खालच्या दुमडीत रंगाला फुगे. निकाल आधीच सांगतो: बोनेट पक्कं बसलं, कमान तग धरून आहे, दार पुन्हा फुगलं. यात बाटलीचा दोष थोडाच. गंज बाहेरून आत चाललाय की आतून बाहेर येतोय, त्यावर सगळं ठरतं.

टवक्याचा गंज बाहेरचा. रंग उडाला की पाणी त्याच्या कडेखाली शिरतं, त्यामुळे वरून मोहरीएवढा दिसणारा ठिपका खाली बराच पसरलेला असतो. धारदार ब्लेडने कड खरवडा. रंग पापुद्र्यासारखा सुटतोय तोवर सोडवत जा, घट्ट रंग लागला की थांबा. पुष्कळ लोक इथेच कंजूषपणा करतात आणि दोन महिन्यांनी टच-अपच्या भोवती तपकिरी कडं उमटतं. कमानीवर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने गंज काढायचा, मग १८०, मग ३२०ने कड इतकी उतरती करायची की बोट फिरवल्यावर पायरी लागता कामा नये. एवढं घासूनही पत्र्यात बारीक काळे खड्डे उरतात. कन्व्हर्टर लागतो तो त्यांच्यासाठी. सुटणाऱ्या जाड गंजावर तो ओतणं म्हणजे पैसे वाया.

कन्व्हर्टर घेताना बाटली हलवून बघा. पाण्यासारखा पातळ असेल तर त्यात मुख्यतः फॉस्फोरिक आम्ल असतं, गंजाचं लोह-फॉस्फेट करतं. दुधासारखा दाट असेल तर बहुधा टॅनिक आम्ल आणि रेझिन. गंज निळसर काळा पडतो आणि वर पातळ थर बसतो. दोघांची वागणूक वेगळी. पातळ प्रकार काम झाल्यावर पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करावाच लागतो. आम्ल उरलं तर वरचा एपॉक्सी प्रायमर (रंगाआधीचा अस्तर-थर) नीट धरत नाही, पुढे फोड येतात. दाट प्रकार मात्र धुवायचा नाही. हात पातळ ठेवून दोन कोट, मग दिवसभर वाळू द्यायचा. त्याच्यावर कडक थिनरचा रंग जाड मारला तर थर सुरकुततो. बोनेटवर पातळ वापरला, कमानीवर दाट. टवक्यासारख्या बारीक जागी पातळच बरा, कारण दाटाचा थर टवक्याची निम्मी खोली खाऊन टाकतो.

धुतल्यावर हेअर ड्रायरने वाळवून लगेच प्रायमर. भर पावसाळ्यात उघडा पत्रा काही तासांत पुन्हा पिवळसर पडतो. एपॉक्सी दोन भागांचा घ्या आणि डब्यावरचं प्रमाण इंजेक्शनच्या सिरिंजने मोजा. ४:१ असेल तर ४ मिलीला १ मिली हार्डनर. अंदाजाने ओतलेला हार्डनर कमी पडला की प्रायमर कायम चिकट राहतो. मध्ये जास्त दिवस गेले तर ६००ने हलकं घासून मगच रंग. आणि लांबी (खड्डा भरून सपाट करायची पुट्टी) भरायची असेल तर ती एपॉक्सीच्या वर. लांबी पाणी शोषते, उघड्या पत्र्यावर भरली तर खालून गंज पुन्हा सुरू.

रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर मिळतो. मारुतीच्या सिल्की सिल्व्हरचा झेड२एस. बाटलीच्या झाकणातला ब्रश जाडा असतो, तो बाजूला ठेवा आणि टूथपिकने थेंब सोडा. तीन-चार पातळ थर, मध्ये अर्धा तास, कारण प्रत्येक थर वाळताना बसतो. रंग भोवतालच्या पृष्ठभागाशी जेमतेम बरोबर झाला की वर क्लिअर (पारदर्शक थर), आठवड्याने २०००चा पाण्याचा पेपर आणि चकाकी आणणारं कंपाउंड. पांढऱ्या गाडीवर टवका शोधावा लागेल इतका बेमालूम मिटतो. चंदेरीवर तसं होणार नाही: ब्रशने मेटॅलिक कण उभे-आडवे बसतात, ठिपका किंचित गडद दिसतो. कोड बरोबर असूनही दिसतो, तेव्हा दुकानदाराशी भांडू नका.

मे महिन्यात उन्हातल्या बोनेटवर हे काम करू नका, रंग पसरायच्या आतच वाळतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत क्लिअर पांढुरकं पडतं. आपल्याकडे दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हाच काळ.

आता दार. दुमडीतला गंज आतून येतो: खालची पाणी निघायची भोकं मातीने बुजली की पाणी आत साठतं. वरून काहीही लावा, वर्षभरात फुगे येणार. भोकं वायरने मोकळी करून आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं मेण) मारलं तर गंज मंदावतो एवढंच. भोकं पुन्हा बंद होऊ देऊ नका. पेचकस दाबल्यावर पत्रा आत जात असेल तर मात्र तो भाग कापून नवा बसवणं आलं, आणि ते डेंटरचं काम. इथे जुनी गाडी घेणाऱ्यांनी दारं आणि स्टेपनीखालचा खोलगा आधी तपासावा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुरात कितीतरी गाड्या बुडाल्या होत्या. दारांत किंवा खोलग्यात गाळाची बारीक पूड सापडली किंवा नव्या रंगावर लोहचुंबक ढिला चिकटला (म्हणजे खाली लांबी भरलेली), तर कन्व्हर्टरचा हिशेब करण्याआधी गाडीची किंमत पुन्हा बोलून घ्या.