शिरोलीच्या फाउंड्रीसाठी पीआरटीजी की झॅबिक्स?

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत पाच-सहा स्विच, थोडे कॅमेरे आणि विंडोज सर्व्हर असेल, तर पीआरटीजी हे नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर पटकन उभं राहतं. पण मोफत मर्यादा 100 सेन्सरची (सेन्सर म्हणजे मोजायची एक गोष्ट). 24 पोर्टच्या स्विचचा प्रत्येक पोर्ट मोजायला घेतला, तर चार स्विचमध्येच 96 संपले! फक्त अपलिंक (स्विच पुढच्या स्विचला किंवा राउटरला जोडणारे) पोर्ट निवडा.

झॅबिक्स या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरला ही मर्यादा नाही, मात्र लिनक्स जाणणारा माणूस हवा. तो असेल तर आमची पसंती झॅबिक्सलाच. सलग तीन पिंग (उपकरण चालू आहे का हे तपासणारे संदेश) चुकल्यावरच अलर्ट जाऊ द्या. एकावरच लावलात तर रात्रभर फोन वाजतो आणि लोक तो बंद करून टाकतात. कॅमेऱ्यांच्या ट्रिगरना (अलर्ट देणाऱ्या नियमांना) मुख्य स्विचची डिपेंडन्सी द्या, म्हणजे तो बंद असताना ते गप्प राहतील, नाहीतर तो पडला की सगळे कॅमेरे एकदम बोंब मारतात. सर्व्हर, स्विच आणि राउटर तिन्ही यूपीएसवर हवेत. नाहीतर वीज गेल्यावर अलर्ट बाहेर जाणार कुठून?