पद्मिनीत पाणी येत होतं, नाना पेठेत दाखवली, त्याचा रिव्ह्यू

ज्यांच्याकडे जुनी फियाट किंवा पद्मिनी आहे त्यांना सांगायलाच नको, जूनचे पहिले दोन पाऊस झाले की ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग ओलं आणि दार उघडलं की कुबट वास. माझी ८४ ची आहे. आधी एका चकचकीत वर्कशॉपला दाखवली, त्यांनी पुढच्या काचेच्या बीडिंगवरून (काचेभोवतीची रबरी पट्टी) सिलिकॉन फिरवलं नि बिल हातात दिलं. तेही ते आंबट वासाचं सिलिकॉन, जे उघड्या पत्र्याला उलट गंज आणतं!

मग पुण्यात नाना पेठेतल्या एका गल्लीतल्या चाचांकडे गेलो. पाणी शोधण्यात माणूस एक नंबर. आधी सीट, मॅटिंग सगळं बाहेर, खालचा फेल्ट पिळला तर तांब्याभर पाणी निघालं. मग आत पोराला टॉर्च देऊन बसवलं आणि बाहेरून पाइपची बारीक धार, तीही खालून वर, म्हणजे आधी दाराची खालची कड, मग काच, छत सगळ्यात शेवटी, कारण वरून सुरू केलं तर ओघळ सगळीकडे जातो नि काही कळत नाही. प्रेशर वॉशरला हातच लावला नाही, तो चांगल्या रबरातूनही पाणी घुसवतो म्हणे. "साहेब, पाणी दिसतं एकीकडे, शिरतं दुसरीकडे," हे त्यांचं पालुपद, आणि निघालंही तसंच. काचेच्या कोपऱ्यात बीडिंगखाली पत्र्याला भोक, तिथून पाणी डॅशबोर्डमागे वायरिंगवरून थेट पायाशी. शिवाय डाव्या दाराची खालची भोकं चिखलाने बुजलेली. काचेच्या फटीतून दारात पाणी जाणारच हो, पण ते खालून निघायला नको का?

काच काढून, गंज घासून पत्र्याचा तुकडा वेल्ड केला. लांबी (पुट्टी) भरून झाकाझाकी केली नाही, यासाठी माझ्याकडून जास्तीचे मार्क. प्रायमर मारून नवीन बीडिंग न सुकणाऱ्या सीलंटवर बसवलं.

आता तक्रारी. उद्या म्हणजे त्यांच्याकडे पुढचा आठवडा, फोन उचलत नाहीत, गल्लीत पार्किंग शून्य. दाराचं नवीन रबर इतकं जाड आणलं की दार आपटावं लागायचं, ते मी बदलून घेतलं. तुम्हीही गाडी ताब्यात घेताना दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढून बघा, सहज निघाली तर तिथे रबर टेकत नाहीये. डिकीत अजून थोडं पाणी येतंय, टेललाइटच्या गॅस्केटमधून असणार असं चाचा म्हणतात, ते काम बाकी आहे. पाचात चार स्टार.