दूमाचा पंचनामा: पाचपैकी साडेतीन तारे

मी आजवर एका मिक्सरला, एका गादीला आणि एका वॉटर प्युरिफायरला तारे दिलेत. अहवालाला पहिल्यांदाच देतेय. पण हा दोन महिने माझ्या टेबलावर होता आणि त्या मिक्सरपेक्षा जास्त वापरला गेला, तेव्हा चालून जाईल.

वस्तू अशी. हेगच्या रासायनिक शस्त्रास्त्र बंदी संघटनेचा, म्हणजे ओपीसीडब्ल्यूचा, २७ जानेवारी २०२३ चा अहवाल. लिहिणाऱ्या तपास व ओळख पथकाचं लघुनाव आयआयटी (पवईशी संबंध नाही). विषय: सीरियात दमास्कसजवळच्या दूमा शहरात ७ एप्रिल २०१८ च्या संध्याकाळी काय पडलं आणि कोणी टाकलं. किंमत शून्य. पाठपोट छापून स्पायरल घालायचे झेरॉक्सवाल्याने २१० रुपये घेतले, वर विचारलं, "काकू, नातवाचं प्रोजेक्ट का?" मी हो म्हटलं. कोण समजावत बसणार!

माझा या भानगडीशी संबंध काय? मी एकोणतीस वर्षं जलशुद्धीकरण केंद्रात केमिस्ट होते. क्लोरिनच्या टनरशेजारी (टनभराची टाकी) डबा खाल्लाय. आपल्याकडे क्लोरिनच्या टाक्यांना सोनेरी पिवळा रंग देतात. दूमाच्या फोटोतल्या दोन टाक्याही पिवळ्या. एक गच्चीवर, स्लॅबला पडलेल्या भोकाशी. दुसरी छतातून आत येऊन चक्क पलंगावर. पाहिल्या पाहिल्या माझा हात अमोनियाचा बोळा शोधायला गेला. (गळती शोधायला अमोनियात भिजवलेलं फडकं फिरवतात. जिथे पांढरा धूर होतो, तिथे गळती.)

अहवाल मुळात कशासाठी लागला ते समजलं नाही तर तो रटाळ वाटेल. सरीनसारख्या विषाच्या मागे खुणा राहतात. बनवणाऱ्याची पद्धत, त्यातली भेसळ, अशुद्ध घटक. सीरिया सरकारने २०१३ नंतर आपला जाहीर केलेला साठा सोपवला, तेव्हा त्यातल्या कच्च्या मालाशी पुढच्या हल्ल्यांतले नमुने ताडून पाहता आले. क्लोरिनचं तसं नाही. तो उणे ३४ अंशाला उकळतो, टाकीतून सुटला की उडून जातो, ओलाव्याशी मिळून आम्ल होतो, आणि दोन दिवसांनी तिथे काही होतं असं सांगायला उरतं ते गंजलेलं लोखंड आणि खोकणारी माणसं. शिवाय तो कोणाकडेही असू शकतो: पाणीपुरवठा, कागद कारखाना, सरकार, बंडखोर. क्लोरिनला आडनाव नसतं.

यादवी युद्धात तर दोन्ही बाजूंचे तक्रारदार आणि दोन्ही बाजूंचे आरोपी एकाच गल्लीत राहतात. सरकार म्हणतं, हे बंडखोरांनीच केलं, जगाने आमच्यावर बॉम्ब टाकावेत म्हणून. बंडखोर म्हणतात, विमानं कोणाकडे आहेत ते बघा. आणि हे वाद पोकळ नाहीत. संयुक्त राष्ट्रं आणि ओपीसीडब्ल्यूच्या आधीच्या संयुक्त पथकाने तीन क्लोरिन हल्ले सरकारचे ठरवले, तसाच सीरियातल्या मारेआचा मस्टर्ड वायूचा हल्ला इसिसचा ठरवला. २०१३ साली दमास्कसजवळच्या घौटात सरीन पडलं, तेव्हा ऑके सेलस्ट्रॉम यांचं संयुक्त राष्ट्रांचं तपास पथक दमास्कसमध्येच होतं. पाच दिवसांत जागेवर पोचलं, सरीन सिद्ध केलं. पण "कोणी" हा प्रश्न त्यांच्या कामाच्या कक्षेतच नव्हता! पुढे २०१५ मध्ये तो प्रश्न विचारायला ते संयुक्त पथक नेमलं. त्याने खान शेखूनच्या २०१७ च्या सरीन हल्ल्यासाठी सरकारला जबाबदार धरलं, आणि पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर २०१७ मध्ये, रशियाच्या नकाराधिकाराने पथकाला कुलूप लागलं. मग जून २०१८ मध्ये हेगलाच ओपीसीडब्ल्यूच्या सदस्य देशांचं मतदान झालं, ८२ विरुद्ध २४, आणि त्यातून हे आयआयटी निघालं.

आता माझी गोष्ट, कारण तिच्याशिवाय मी हे तारे कसे दिले ते कळणार नाही. आमच्या केंद्रात (गाव सांगत नाही) एका पावसाळ्यात रात्रपाळीला टनर बदलताना गळती झाली. शेजारच्या वस्तीतली अकरा माणसं खोकत दवाखान्यात गेली, सगळी घरी परतली, देवाची कृपा. चौकशी समितीत मी होते. पुरवठादार म्हणाला, व्हॉल्व्ह ठीक पाठवला होता. ठेकेदार म्हणाला, ऑपरेटरने योक (व्हॉल्व्हवर नळी पक्की धरणारा शिकंजा) वाकडा आवळला. ऑपरेटर म्हणाला, शिशाचा वॉशर जुनाच परत लावला होता, दर वेळी नवा लावायचा असतो. सगळं उत्तर त्या वॉशरवर होतं, रुपयाएवढ्या चकतीवर. आणि तो आमच्या फिटरने, अण्णांनी, पहाटे काढून भंगारात टाकला होता. नवा बसवला, फरशी कॉस्टिकने धुतली. बरोबरच केलं त्यांनी, गळती आधी थांबवायची असते. पण मी सकाळी सातला पोचले तेव्हा पंचनाम्याला जागा होती, मुद्देमाल नव्हता. शेवटी आम्ही लिहिलं, "कारण निश्चित करता आले नाही." खाली पाच सह्या.

दूमात तेच, हजार पटीने. ७ तारखेला हल्ला. ८ तारखेला बंडखोर शहर सोडायला तयार. आठवड्याभरात शहर सरकारच्या ताब्यात, सोबत रशियन सैनिक. ओपीसीडब्ल्यूच्या तथ्यशोध पथकाचे निरीक्षक १४ तारखेला दमास्कसला पोचले, पण दूमात पाय पडला २१ ला. म्हणजे आरोपींपैकी एकाच्या हातात आठवडाभर किल्ली. प्रेतं पुरून झालेली. नंतर आयआयटीला तर सीरियाने दारातही उभं केलं नाही.

मग यांनी केलं काय? वायू सापडत नाही म्हटल्यावर ज्यावर त्याचा परिणाम झाला ते धरलं. त्या तथ्यशोध पथकाला लाकडात बॉर्निल क्लोराइड नावाचं रसायन सापडलं होतं. पाइनसारख्या लाकडातल्या पायनिन या रसायनाशी क्लोरिनचा किंवा त्यापासून होणाऱ्या आम्लाचा संबंध आला की ते होतं. तो भाग मी तीनदा वाचला, कारण शंका मलाही आली: नुसत्या आम्लानेही होईल की! म्हणूनच पुढचं महत्त्वाचं. काँक्रीटचं भोक, टाकीचा चेमटलेला भाग, किती उंचीवरून पडली तर असा चेमटा येतो, वारा कुठला, वायू मजल्यांतून कसा उतरेल, याची गणितं. १९,००० हून जास्त फायली, ६६ जबाब, ७० नमुन्यांची माहिती. निष्कर्ष: संध्याकाळी सात दहा ते सात चाळीसच्या दरम्यान दुमायर हवाई तळावरून निघालेल्या, टायगर फोर्सेस या सरकारी सैन्याच्या खास तुकडीच्या नियंत्रणाखालच्या, सीरियन हवाई दलाच्या निदान एका एमआय-८/१७ हेलिकॉप्टरने दोन इमारतींवर दोन टाक्या टाकल्या. ४३ माणसं गेली. तीही नावानिशी मोजलेली, अंदाजाने नाही.

४३ च का, हे क्लोरिनवाल्याला लगेच कळतं. तोफांच्या भीतीने माणसं खाली लपतात. क्लोरिन हवेच्या अडीचपट जड, तोही खालीच जातो. आमच्या ड्रिलमध्ये पहिलं वाक्य असायचं: वाऱ्याच्या उलट आणि उंचावर पळा. बॉम्ब पडत असताना हे कोण सांगणार आणि कोण ऐकणार.

चांगलं काय: प्रत्येक कडी कुठून आली ते सांगतात. पुराव्याची पातळी आधीच कबूल करतात: "मानायला वाजवी कारण आहे", "निर्विवाद सिद्ध" नव्हे. कोर्टाचा निकाल समजून वाचाल तर चुकाल. सीरियाने आणि इतरांनी सुचवलेल्या पर्यायी कहाण्याही तपासल्या, त्यांना आधार सापडला नाही असं लिहिलंय.

एक तारा तीन गोष्टींसाठी मिळून कापला. एक, वेळ. घटनेपासून पावणेपाच वर्षं. दोन, साक्षीदारांची नावं झाकलेली. त्यांच्या जिवासाठी हे मान्य, पण वाचणाऱ्याला शब्दावर विश्वास ठेवावा लागतो, आणि ज्याला ठेवायचा नाही त्याला आयती सोय. तीन, २०१९ मध्ये आतल्याच एका अभियंत्याचं टिपण फुटलं होतं. टाक्या वरून टाकण्यापेक्षा हाताने ठेवल्याची शक्यता जास्त, असं त्यात होतं. संघटनेने नंतर सांगितलं की आक्षेप घेणाऱ्यांकडे पूर्ण माहिती नव्हती. असेल. पण घरातल्या माणसाच्या शंकेला मला हवी होती तेवढी जागा इथे नाही. आमच्या समितीतही कनिष्ठ ऑपरेटरचं म्हणणं आम्ही एका ओळीत गुंडाळलं होतं, आणि बरोबर तोच होता असं मला अजून वाटतं.

वर अर्धा तारा भाषेचा कापला. "स्टेट पार्टी", "सदर घटक", "उपरोक्त". आमच्या कार्यालयीन टिपण्या बऱ्या म्हणायच्या.

"सरकार जिंकत होतं, मग ते कशाला असलं करेल?" हा प्रश्न पुतण्याने विचारला. विचार करण्यासारखा आहे, पण हेतूवरून टाकी ओळखता येत नाही. जिंकणारा घाई करतो, हरणारा बनाव करतो, दोन्ही मी लहान प्रमाणात ऑफिसात पाहिलंय.

डिसेंबर २०२४ मध्ये सीरियाचा राष्ट्राध्यक्ष असद पळाला आणि ओपीसीडब्ल्यूला सीरियाची दारं उघडली. कपाटांत काय राहिलंय आणि काय भंगारात गेलंय, बघू.

घ्यावा का? रसायनाचं थोडं जमत असेल तर नक्की. पहिला सारांश वाचा, मग सरळ टाकीच्या आणि काँक्रीटच्या भागावर जा, कायद्याचा भाग शेवटी.

गेल्या रविवारी अण्णा भेटायला आले होते. आता ऐंशीला टेकलेत, इंग्रजी येत नाही. मी फोटोचं पान उघडून दिलं. चष्मा कपाळावर सरकवून, पान डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत बसले. मग विचारलं, "मॅडम, याचा व्हॉल्व्ह कोणी काढून ठेवला का? की आपल्यासारखंच?"

मी पान उलटून शोधायला लागले.