पंचेचाळिशीत केस लावायचे की उरलेलेही काढायचे?

आमच्या सासरी जावई दोनच, मी आणि माझा साडू. वयात दोन वर्षांचं अंतर आणि टकलाचा नकाशा जवळपास सारखा, म्हणजे समोरून कपाळ वर सरकलेलं, भोवऱ्यापाशी मोकळं मैदान आणि मधे एक विरळ पट्टा जो दोघांनीही बरीच वर्षं इकडून तिकडे विंचरून पुरवला. त्याने शेवटी ट्रान्सप्लांट केलं आणि मी मशीन फिरवलं. त्यामुळे दिवाळीला पाटावर शेजारी शेजारी बसलो की दोन्ही पर्याय एका फोटोत येतात. चाळिशी ओलांडलेले बरेच जण या विचारात असतात म्हणून लिहितोय. एफयूई (मागून एकेक मूळ सुटं काढणं), एफयूटी (मागची कातडीची पट्टीच कापून काढणं), टकलाच्या पायऱ्या सांगणाऱ्या नॉरवूडच्या तक्त्यात आपली कितवी स्टेज वगैरे तुम्ही रात्री जागून बघितलं असणारच, ते परत सांगत बसत नाही.

तिसरा पर्याय पॅचचा, म्हणजे टकलावर चिकटवायच्या केसांच्या टोपाचा, तो आधीच बाजूला ठेवतो. दिसायला झटपट आणि खरंच चांगला दिसतो, पण मी डोंबिवलीत राहतो आणि लोकलने जातो. टेप किंवा गोंद लावून चिकटवलेली वस्तू, मे महिन्यातला घाम, गर्दीत कोणाचा तरी हात डोक्यावरून जाणार, आणि दर तीन-चार आठवड्यांनी सर्व्हिसिंगला जायचं. एसी गाडीतून एसी ऑफिसात जाणाऱ्यांना जमत असेल, जमतंही, ओळखीत एक जण आहे त्याचा मलाच दोन वर्षं पत्ता लागला नव्हता.

आता ट्रान्सप्लांट. आधी एक गोष्ट मान्य करायला हवी, की करायचंच असेल तर पंचविशीपेक्षा पंचेचाळिशीचं वय बरं. पंचविशीत पुढे टक्कल कुठवर जाणार हे कोणालाच माहीत नसतं, आपल्या वयात मात्र जे व्हायचं ते बऱ्यापैकी होऊन गेलेलं असतं, म्हणजे डॉक्टरला हिशोब मांडता येतो. सगळा खेळ डोक्याच्या मागच्या आणि कानावरच्या पट्ट्यावर आहे. तिथले केस या जातीच्या टकलाला दाद देत नाहीत, आणि उचलून पुढे लावले तरी तो गुण सोडत नाहीत. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ऑरेंट्राइक या त्वचारोगतज्ज्ञाने १९५२ पासून हे करून दाखवलं आणि १९५९ मध्ये छापलं, आजची सगळी दुकानं त्यावरच उभी आहेत. भातलावणीच समजा, फक्त फरक असा की शेतात पुढच्या वर्षी नवा तरवा पेरता येतो आणि इथे मागून काढलेलं रोप तिथे परत उगवत नाही. म्हणजे साठा ठरलेला, खर्च जपून.

आणखी एक गोष्ट आपल्या वयाच्या बाजूने जाते ती म्हणजे पांढरे केस. काळ्या केसांमधून गोरी किंवा गव्हाळ टाळू लगेच चमकते, पांढऱ्या-काळ्या मिसळीत तेवढी दिसत नाही, त्यामुळे तेवढ्याच ग्राफ्टमध्ये, म्हणजे मुळासकट उचलून लावलेल्या पुंजक्यांमध्ये, डोकं जास्त भरल्यासारखं वाटतं. साडू मात्र डाय लावतो. आता काय बोलणार.

त्याचा अनुभव तसा चांगला आहे हो, उगाच नावं ठेवणार नाही. दिवसभर खुर्चीवर, मधे जेवण, मोबाइलवर मॅच बघून झाली. दुखलं ते फक्त सुरुवातीच्या इंजेक्शनला असं तो म्हणतो. मग दोन-तीन दिवसांनी कपाळाची सूज डोळ्यांवर उतरली आणि त्याच्या पोरांनी त्याचे फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकले. खपल्या गेल्या, आणि तीनेक आठवड्यांत लावलेले केस गळायला लागले. हे होतंच, मूळ आत राहतं आणि नुसता केस पडतो, डॉक्टरांनी आधी सांगितलंही होतं, पण ऐकणं वेगळं आणि टॉवेलवर बघणं वेगळं, बिचारा रात्री साडेअकराला मला फोन करून विचारत होता की पैसे पाण्यात गेले का. तीन-चार महिन्यांनी कोंब दिसायला लागले आणि वर्षभराने जे काही दिसलं ते खरंच नैसर्गिक दिसतं. सगळ्यांना वाटतं तितकं दाट नाही, मूळच्या साधारण निम्म्या दाटीवरच काम भागवतात, डोळ्याला ते चालून जातं. हॅलोजनखाली उभा राहिला तर मला कळतं. सासूबाईंना कळत नाही, त्या म्हणतात धाकटे जावई अगदी लग्नातल्यासारखे दिसायला लागले, आणि मग माझ्याकडे बघून विषय बदलतात.

मी पण जाणारच होतो बरं का. तीन ठिकाणी चौकशी केली. बहुतेक जागी आधी डॉक्टर भेटतच नाही, एक काउन्सेलर भेटते, गोड बोलते, टॅबवर फोटो दाखवते आणि आज बुक केलं तर अमुक टक्के सूट आणि ईएमआय. कोटेशनमध्ये ग्राफ्ट लिहिलेत की केस ते नीट बघा, कारण एका ग्राफ्टमध्ये एकापासून चारपर्यंत केस असू शकतात आणि ‘पाच हजार केस’ ऐकायला भारदस्त असलं तरी ते दोन-अडीच हजार ग्राफ्टच निघतात. सरसकट उपचारांना जीएसटी माफ असला तरी हेअर ट्रान्सप्लांट त्या सवलतीतून नाव घेऊन वगळलेलं आहे, आणि मेडिक्लेम यात पैसा देत नाही. एका ठिकाणी मी विचारलं की छेद कोण देणार, ग्राफ्ट कोण काढणार, तर ‘आमची टीम’ एवढंच उत्तर. नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये याबाबत सूचना काढल्यात, नुसतं वर्कशॉपमध्ये किंवा यूट्यूबवर बघून कोणी ही सर्जरी शिकला असं धरता येणार नाही असं त्यांना लिहावं लागलं यातच काय ते समजा. २०१९ ला मुंबईत चाळिशीतला एक व्यावसायिक एकाच बैठकीत नऊ हजारांवर ग्राफ्ट करून घेतल्यावर दोन-तीन दिवसांत गेला होता. अशा घटना विरळाच, पण ‘सगळं एका दिवसात उरकून टाकू’ म्हणणाऱ्याकडून मी तरी उठून आलो असतो.

पण माझं अडलं ते यातल्या कशावर नाही. पैसे होते, भीतीही फारशी नव्हती. माझं अडलं बाटलीवर.

मिनॉक्सिडिल. ज्यांनी वापरलंय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. मूळचं हे ब्लड प्रेशरचं औषध, गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर भलभलत्या ठिकाणी केस यायला लागले म्हणून मग डोक्याला लावायचं केलं, अमेरिकेत १९८८ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. काम करतं, मी नाही म्हणत नाही. पण ड्रॉपरने एक मिलिलिटर मोजायचं, भांग पाडून पाडून टाळूवर सोडायचं, मग वाळेपर्यंत कुठे टेकायचं नाही. पावसाळ्यात आमच्याकडे टॉवेल वाळत नाही, हे कुठून वाळणार. केस असे चिकट दोऱ्यासारखे होतात की जे चार आहेत ते दोन दिसतात, सकाळी पांढरी पापुद्री पडते, उशीचे अभ्रे पिवळट होतात, आणि बायको म्हणते एक तर तू तरी तिकडे तोंड करून झोप किंवा ती बाटली तरी. फोम मिळतो तो कमी चिकट असतो पण महाग. त्यात आमच्याकडे मांजर. ती माझ्या उशीवर झोपते, नव्हे उशी तिचीच आहे, आणि मिनॉक्सिडिल मांजरांना विषारी आहे, उशीवरचं थोडंसं चाटलं तरी जिवावर बेतू शकतं. हे व्हेटने सांगितल्यापासून मी रोज रात्री अभ्रा बदलायचो आणि दार लावून झोपायचो आणि ती रात्रभर दार ओरबाडायची.

तर माझ्या मनात ट्रान्सप्लांट म्हणजे या बाटलीतून सुटका असं होतं. एकदाच काय तो खर्च, मग मोकळे. शेवटच्या ठिकाणी डॉक्टर मात्र स्वतः भेटले, सरळ माणूस, त्यांनी डोकं बघितलं आणि म्हणाले लावलेले केस राहतील हो, पण मधला जो तुमचा स्वतःचा विरळ पट्टा आहे तो गळतच राहणार, औषध बंद केलंत तर काही वर्षांनी पुढे झुडूप आणि मागे माळ असं दिसेल, मग दुसरी बैठक. म्हणजे बाटली चालूच. वर केसगळती थोपवणारी फिनास्टराइडची गोळी, तीही घेत राहायची. मी विचारलं किती दिवस, तर ते हसले.

साडूचं आज तेच चाललंय. ट्रिपला गेलो की त्याच्या टॉयलेट किटमध्ये ती बाटली, रात्री सगळे पत्ते खेळायला बसले की हा आरशासमोर. त्याला त्याचं काही वाटत नाही, दात घासण्यासारखं झालंय म्हणतो. ज्याला तसं होऊ शकतं त्याने खुशाल ट्रान्सप्लांट करावं, मी मनापासून सांगतो. मला ते होईना.

मशीनचे त्रास नाहीत असं समजू नका. पहिला त्रास लोकांचा. आपल्याकडे माणसाने अचानक डोकं साफ केलं की समोरच्याचा चेहरा पडतो आणि हळू आवाजात प्रश्न येतो, घरी सगळे ठीक ना? दुसरा गट तिरुपतीचा प्रसाद मागतो. माझ्या आईने तर रडारड केली, वडील हयात असताना असं डोकं करतात का म्हणून. त्यावर तोड म्हणजे वस्तरा लावायचाच नाही, ट्रिमरला एक नंबर ठेवायचा, बारीक खुंट राहतात आणि मुंडण वाटत नाही. दाढी थोडी ठेवली तर चेहऱ्याला आधार मिळतो. गंमत म्हणजे एफयूईसाठी साडूचंही सगळं डोकं बारीक केलं होतं, त्यालाही सोसायटीत तेच प्रश्न आले, शिवाय त्याला टोपी घालून उत्तरं द्यावी लागली.

दुसरा त्रास ऊन. टाळू भाजते, खरोखर भाजते, सनस्क्रीन लावा नाहीतर टोपी. आणि घाम अडवायला वर काही नसतं त्यामुळे तो सरळ डोळ्यात, रुमाल हातातच. आठवड्याला एकदा मशीन फिरवावं लागतं, मागचा भाग मुलगी करून देते आणि त्याचे पैसे घेते. शिवाय डोक्याचा आकार नशिबावर आहे, माझा बरा निघाला, मागे एक खळगा आहे तो मला दिसत नाही.

दिसण्यात मात्र साडू जिंकला, हे मान्य. तो आयटीत मॅनेजर आहे, तिथे तिशीतली मंडळी आजूबाजूला, व्हिडिओ कॉलवर तो खरंच पाच-सात वर्षं लहान दिसतो आणि त्याला त्याचा फायदा झाला असं त्याचं म्हणणं आहे. मी सरकारी खात्यात, इथे टक्कल म्हणजे जवळजवळ सिनिऑरिटी. तेव्हा तुमचं काम कसलं आहे तेही धरून बघा, एकट्या माझ्यावर जाऊ नका.

पण आधी महिनाभर मशीन फिरवून बघा असं मी म्हणेन, ट्रान्सप्लांटचं ठरत आलं असलं तरी. नाही आवडलं तर केस परत वाढतात, पैसे गेले नाहीत. उलट दिशेने तसं येता येत नाही, कारण मागून ग्राफ्ट काढल्याच्या खुणा राहतात, एफयूटी असेल तर सरळ रेघच, आणि नंतर कधी एक नंबर मशीन मारावंसं वाटलं तर त्या दिसतात.

आणि तरीही ट्रान्सप्लांटकडेच मन ओढत असेल तर तीन गोष्टी. बीपी, शुगर, रक्त पातळ करणारी गोळी असं काही चालू असेल तर काउन्सेलरला नाही, डॉक्टरलाच सांगा, कारण भुलीच्या इंजेक्शनात अॅड्रेनलिन असतं, त्याने बीपी वाढू शकतं, आणि रक्त पातळ असेल तर रक्तस्राव जास्त होतो. फिनास्टराइड घेत असाल तर पन्नाशीच्या तपासणीत प्रोस्टेटसाठीची पीएसए ही रक्ताची टेस्ट करताना ते सांगायला विसरू नका, त्या गोळीने पीएसएचा आकडा साधारण निम्मा होतो आणि रिपोर्ट उगाच छान दिसतो. आणि घरातलं कार्य डोळ्यासमोर ठेवून करत असाल तर निदान वर्षभर आधी करा. मुहूर्ताच्या दोन महिने आधी केलंत तर लावलेले गळालेले असतील, नवे आलेले नसतील, आणि अल्बममध्ये मुलीच्या बापाचं डोकं नेमकं तेवढ्या अवस्थेत कायमचं छापलं जाईल.